अनुस्वार दिसेल असं कार्ड

३ फेब्रु., मंगळवार
आज दुकानात चार लग्नपत्रिका टाइप केल्या. तिसगावच्या पत्रिकेत निमंत्रकांची नावं एकाखाली एक लावली, तर मधली तीन नावं उजवीकडे सरकलेली. टॅब तपासला, बरोबर. स्क्रीनला पट्टी लावून पाहिली. पट्टीच वाकडी दिसली.
ट्यूब बदलायला हवी. चष्माही. उणे चौदाच्या पुढे अजून किती जाणार.

६ फेब्रु., शुक्रवार
एकेक डोळा झाकून पाहिलं. डाव्याने खिडकीचे गज कमरेत वाकतात. उजव्याने कॅलेंडरवर ज्या तारखेकडे बघावं तीच नसते. सहा बघायला गेले तर पाच आणि सात दिसले.
ह्यांना सांगितलं नाही. मुक्कामी एसटीवर ड्युटी असते, थकून येतात.
(हे कारण नाही. सांगितलं की दुकान बंद कर म्हणतील, हे कारण.)

९ फेब्रु., सोमवार
सकाळी दुकान झाडत होते. दारात एक म्हातारे. धोतर, टोपी, हातात दशक्रियेचं कार्ड, मी परवा केलेलं.
"बाई, जरा वाचून दावता का? माझा चष्मा घरीच ऱ्हायला."
कार्ड नाकाशी धरून वाचलं. कै. रंगनाथ यांचा दशक्रिया विधी, अमुक वारी, अमुक घाटावर. खाली शोकाकुल म्हणून पाच नावं. पहिलंच, कै. शंकर.
"ह्यो शंकर म्हंजी मी," ते म्हणाले. "रंगनाथ माझा भाऊ. त्यो गेला, ते खरं हाय. मी गेलो का हाय, तेवढं सांगा."
स्टूल पुढे केलं, ते बसले नाहीत. सूनबाई कालपासून रडतेय म्हणाले. नातवाला गल्लीतली पोरं विचारतात, तुझे दोन्ही आजे मेले का.
मी म्हटलं, अण्णा, चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. आत्ता नवीन छापून देते.
"द्या. मी सोता घरोघर वाटतो. लोकांना दिसंल तरी जित्ता हाय ते."
दुपारपर्यंत तीनशे काढून दिली. पिशवी घेऊन निघाले. पायरीवरून वळून म्हणाले, "बाई, तुमची चूक व्हत न्हाई कधी. माझ्या पोराचीबी पत्रिका तुमचीच हुती."
ते जास्त लागलं.
नंतर फाइल उघडून बसले. श्री. आणि कै. मुद्दाम शेजारी शेजारी टाइप केले. मला दोन्ही सारखेच. काळा डाग, पुढे टिंब.

१३ फेब्रु., शुक्रवार
कागद आणायला जाते सांगून नगरला गेले. साडेआठची गाडी, कंडक्टर ओळखीचे, ह्यांच्या डेपोतले. त्यांनाही कागदच सांगितला. करंजी घाटात डोळे मिटून बसले.
डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करायचे थेंब, मग तपासण्या. चौकटी-चौकटींचा कागद दिला, मधल्या ठिपक्याकडे बघायला. डाव्या डोळ्याने मधल्या चौकटी वितळल्यासारख्या. उजव्याने ठिपकाच नाही.
डॉक्टरीणबाई तरुण, पण घाई नाही. मोठ्या नंबरमुळे आतला पडदा ताणून पातळ झाला आहे म्हणाल्या. उजव्यात व्रण झालाय, तो जुना, तिथलं परत येणार नाही. डाव्यात आत्ता पाणी साठतंय. महिन्याला एक, अशी तीन इंजेक्शनं डोळ्यात, मग बघायचं.
"बरा होईल?"
"आहे ते राखायचं. तेच पुष्कळ आहे, ताई. काम काय करता?"
सांगितलं. त्या म्हणाल्या, मोठ्या पडद्यावर काम करा, अक्षर मोठं, जवळ बसून.
येताना कागदाची दोन बंडलं खरंच घेतली.

१५ फेब्रु., रविवार
शिवरात्र. साबूदाणा. केतकीचा पुण्याहून फोन. एवढंच विचारलं, की मोठ्या पडद्यावर काम करायचं तर काय करतात. तिने सरळ विचारलं, "आई, डोळ्याला काय झालंय?" मग सगळं सांगितलं. पप्पांना सांगायचं नाही, शपथ घातली. तिने नाक ओढलं दोनदा.
मग म्हणाली, घरात त्रेचाळीस इंची टीव्ही आहे ना. कॉम्प्युटर त्याला जोडायचा.
आत्ताच्या मॉनिटरवर अक्षर मोठं करून पाहिलंय मी. एक शब्द मावतो, पत्रिका दिसतच नाही. टीव्हीवर अर्धं पान तरी मावेल.

१७ फेब्रु., मंगळवार
पहिलं इंजेक्शन. दुखत नाही, पण सुई येताना दिसते. नंतर डोळ्यात काळे ठिपके, पाण्यात शाई टाकावी तसे.
घरी सांगितलं, डोळे आलेत. हे दोन हात लांब. टॉवेल वेगळा.

२० फेब्रु., शुक्रवार
आज बरं. कॉम्प्युटर रिक्षाने घरी आणला. ह्यांना म्हटलं, गिऱ्हाइकांना डिझाइन टीव्हीवर दाखवायचा विचार आहे. "दाखव की," म्हणाले आणि ड्युटीला गेले.
कॉम्प्युटरच्या मागे निळं व्हीजीएचं तोंड, टीव्हीला फक्त एचडीएमआय. मोबाइलच्या दुकानातून मधला डबा आणला, एकीकडून निळी वायर, दुसरीकडून एचडीएमआय. चित्र आलं. मी पलंगावरून उठून उभीच राहिले. केवढं मोठं!
पण जवळ गेले तर प्रत्येक अक्षराला सावली. टाइप केलेलं गंगाधर हे नाव दोनदा, एकावर एक, आणि अनुस्वार कुठेच नाही. गगाधर. ढवळलेल्या ताकात लिहिल्यासारखं. बाकीच्यांना चालेल, मला नाही चालणार.
डबा परत केला, कॉम्प्युटर पुन्हा दुकानात नेऊन ठेवला.

२३ फेब्रु., सोमवार
नगरच्या मुनीरभाईंना फोन लावला. माझा कॉम्प्युटर बारा वर्षांपूर्वी त्यांनीच जोडून दिलेला. म्हणाले, डबा नको, ग्राफिक कार्ड टाका, त्याला एचडीएमआयचं तोंड असतं. "लेकिन ताई, पहिले तीन गोष्टी बघा. कॅबिनेट किती रुंद. पॉवर सप्लाय किती वॅटचा. विंडोज कोणती."
स्क्रूड्रायव्हर घेऊन झाकण काढलं. आत धूळ, एक झुरळ मेलेलं. कॅबिनेट बारीक, चार बोटं भरेल एवढीच रुंदी. पॉवर सप्लायवरचा स्टिकर वाचता येईना, तेव्हा मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. २२०. विंडोज सात.
परत फोन. ते "अरे अरे" म्हणाले. मोठी कार्डं आडवी बसणारच नाहीत, अर्ध्या उंचीचं पाहिजे. त्याला वेगळी पॉवरची वायर लागता कामा नये, सप्लाय झेपणार नाही. आणि आजकालच्या नव्या कार्डांचा ड्रायव्हर विंडोज सातला मिळत नाही.
"मग विंडोज बदलू?"
"बदला. पर तुमचं ते मराठीचं लॉक?"
तिथेच गाडी अडली. टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं, मागे पेनड्राइव्हसारखं लॉक लावल्याशिवाय उघडत नाही आणि नव्या विंडोजवर ते लॉक चालत नाही. एकोणीस वर्षांच्या फायली त्यात.

२४ फेब्रु., मंगळवार
केतकीशी वाद. तिचं म्हणणं, सगळंच नवीन घे, कॉम्प्युटर नवा, युनिकोडमधे टाइप कर. आज ना उद्या करावंच लागणार आहे.
बरोबर आहे तिचं. पण त्यात कीबोर्ड वेगळा. म्हटलं, क कुठे आहे हे मला बघावं लागत नाही गं. बोटं जातात. नव्या कीबोर्डवर पहिल्यापासून बघून बघून शिकायचं, आणि बघायलाच तर...
मग म्हणाली, "सॉरी आई. माझ्या डोक्यात नाही आलं."
मुनीरभाईंना सांगितलं, कार्डच शोधा. जुनं चालेल, वापरलेलं चालेल. विंडोज सात, अर्धी उंची, वायर नको.

२७ फेब्रु., शुक्रवार
आज कळलं ह्यांना.
छत्री शोधत कपाट उघडलं (फेब्रुवारीत छत्री कशाला, तर दुरुस्तीला द्यायची होती). खाली दवाखान्याची फाइल. मी दुकानातून आले तर पलंगावर फाइल, शेजारी हे, खाकी अंगावरच.
"हे काय आहे?"
सांगत गेले. शंकरअण्णांचंही सांगितलं.
ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. म्हणाले, "गाडीत रोज लोक मला सगळं सांगतात. कोणाची किडनी, कोणाची सोडचिठ्ठी. ओळख ना देख. आणि तू डोळे आलेत सांगतेस. मी टॉवेल वेगळा घेतला तुझा."
थोड्या वेळाने, "बास आता. दुकान बंद कर. माझा पगार आहे."
मी नाही म्हटलं.
"आंधळी झाल्यावर करशील बंद?"
बोलून गेले. मग उठून अंगणात गेले. जेवले नाहीत. टीव्हीवर मॅच होती, लावली नाही.

२८ फेब्रु., शनिवार
न बोलता ड्युटीला गेले. दुकानात दिवसभर दोन झेरॉक्स आणि एक भाडेकरार. करारातले आकडे तीन-तीनदा तपासले. एका ठिकाणी ३ चा ८ झाला होता. सापडला. न सापडलेले किती असतील.

२ मार्च, सोमवार
होळी. पुरणाचा स्वयंपाक केला. पोळी वाढताना हे म्हणाले, "ते कार्ड कुठे मिळतं?"
म्हटलं, नगरला.
"गुरुवारी माझी सुट्टी."
एवढंच. दुकानाबद्दल काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही.

५ मार्च, गुरुवार
नगर. कॅबिनेट सोबत घेऊन या म्हणाले होते मुनीरभाई, बसवूनच बघू म्हणून. ह्यांनी ते तांदळाच्या गोणीत घालून मांडीवर घेतलं. पाथर्डी ते नगर, सगळ्या खड्ड्यांत दोन्ही हातांनी धरून. बसमधला एक ओळखीचा म्हणाला, "काय कंडक्टर, लगेजचं तिकीट काढलं का?" हे हसले. सहा दिवसांत पहिल्यांदा.
मुनीरभाईंनी दोन कार्डं काढून ठेवली होती, दोन्ही वापरलेली. एक पंख्याचं, मोठ्या मेमरीचं, गेमवाल्या पोरांनी विकलेलं. दुसरं बिनपंख्याचं, कुठल्याशा ऑफिसच्या भंगारात काढलेल्या कॉम्प्युटरमधलं. नुसता पत्र्याच्या पंखांचा ठोकळा. मेमरी निम्मी.
ह्यांचा कल पंख्याच्या कार्डाकडे. "घ्यायचं तर चांगलं घे."
मी मुनीरभाईंना विचारलं, अक्षर कुठल्यावर जास्त स्वच्छ?
"अक्षराला दोन्ही सेम, ताई. पंख्याचं ते खेळायला आहे. ते जास्त वीज खाणार, तुमचा सप्लाय जुना. कधीतरी बंद पडेल."
म्हटलं, मला खेळायचं नाही, अनुस्वार बघायचाय.
बिनपंख्याचं घेतलं. कार्डाच्या कडेची उंच पट्टी काढून छोटी लावावी लागली, ती त्यांनी तीन डबे उलथेपालथे करून शोधली. बसवलं. मॉनिटरवर चित्र आलं, ड्रायव्हर घेतला, माझं सॉफ्टवेअरही उघडलं. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, ते काम घरी.
मुनीरभाई हळूच म्हणाले, "माझ्या अम्मीलाही होतं ताई असंच." मी विचारलं नाही, अम्मींना शेवटी दिसत होतं का.

६ मार्च, शुक्रवार
टीव्हीला जोडलं. सावली नाही. पण चित्र चारी बाजूंनी कापलेलं, खालची पट्टी गायब. आणि अक्षरांच्या कडेला लाल-निळी झाक. काळ्यावर पांढरं केलं तर आणखीच.
एवढं करून हेच का?
केतकीला व्हिडिओवर दाखवलं. ती बघते म्हणाली.

७ मार्च, शनिवार
अजून तसंच. रिमोटची सगळी बटणं दाबून झाली. शार्पनेस कमी केला, जास्त केला. डोकं दुखतं. हे दोनदा डोकावून गेले.
एकदा वाटलं, दुकान बंद कर म्हणाले ते काय चूक म्हणाले.

८ मार्च, रविवार
केतकीचा फोन सकाळी. "आई, टीव्हीच्या सेटिंगमधे जा. त्या एचडीएमआयला नाव देता येतं. गेम, डीव्हीडी, असं काहीतरी. तिथे पीसी निवड."
मेनूतली अक्षरं बारीक. ह्यांनी वाचून दाखवली, मी बटण दाबत गेले. खाली, खाली, उजवीकडे, ओके.
चित्र एकदम आत सरकलं. चारी कडा दिसल्या. रंगाची झाक गेली.
मी गंगाधर टाइप केलं. ग, त्यावर साबूदाण्याएवढा अनुस्वार. मग शंकर. मग संतोष, वसंत, पांडुरंग, सुमंत, आठवतील तेवढे. हे मागे उभे. म्हणाले, "पत्रिका कोणाची आहे एवढी?"
मी पुढचं नाव टाइप केलं.
मधला डाग तसाच आहे. पण आता तो एका वेळी एखादंच अक्षर खातो. ओळीच्या जरा वर बघितलं की तेही दिसतं.

११ मार्च, बुधवार
टीव्ही दुकानात गेला, कॉम्प्युटरही. रिक्षात ह्यांनी उशी लावून धरला. घरात भिंतीवर चौकोन राहिलाय, भोवतीच्या रंगाहून उजळ. हे आता मॅच मोबाइलवर बघतात, कानात वायर घालून. तक्रार नाही. मलाच तिकडे बघवत नाही.

१७ मार्च, मंगळवार
दुसरं इंजेक्शन. या वेळी हे बाहेर बाकावर. परत येताना बसमधे त्यांचा हात धरला होता. वीस वर्षांत लोकांसमोर पहिल्यांदा असेल.

२० मार्च, शुक्रवार
काल पाडवा, दुकानाला हार घातला. आज सहा पत्रिका. एकही चूक नाही, दोनदा वाचून. गिऱ्हाइकंच वाचतात आता, बसल्या जागेवरून. "मामाचं नाव ऱ्हायलं की!" लोकांना मजा वाटते.

२६ मार्च, गुरुवार
वाईट झालं.
एक बाई आली, पंचविशीची, सोबत लहान मुलगी. पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज टाइप करायचा होता. सासरचे मारतात म्हणून. ती हळू आवाजात सांगत होती आणि मी टाइप करत होते. माझ्या मापाची अक्षरं, बोटभर उंच. तिच्या नवऱ्याचं नाव, गावाचं नाव.
रस्त्यावर दोन माणसं थांबली होती. मला दिसली नाहीत. तिला दिसली. एकदम पदर ओढून घेतला तिने. "बाई, बंद करा, बंद करा. त्यातला एक आमच्या गावचा हाय."
बंद केलं. माणसं निघून गेली. मी शटर ओढून आत बसून अर्ज पूर्ण केला, प्रिंट दिली. तिने चार घड्या घालून ब्लाउजमधे ठेवली. विचारलं, आता घरी जाशील का? म्हणाली, "आता न्हाई जमायचं. आईकडं जाते." जामखेडच्या गाडीला बसवून दिलं.
मला दिसावं म्हणून केलं, आणि सगळ्या पाथर्डीला दिसलं.

२७ मार्च, शुक्रवार
टेबल फिरवलं. आता टीव्हीची पाठ रस्त्याकडे, माझं तोंड रस्त्याकडे. मधे पडदाही लावला. गिऱ्हाइकांना आत बोलवावं लागतं, काही कुरकुरतात.
ती पोचली का, कळायला मार्ग नाही.

९ एप्रिल, गुरुवार
लग्नाच्या तिथी दाट. हे सुट्टीच्या दिवशी येऊन प्रूफ वाचतात, तिकिटाचे टप्पे सांगावे तशा आवाजात. "चि. सौ. कां. अनुस्वार आहे. काना आहे." मी पडद्यावर लावून घेते. दुकान बंद करायचं पुन्हा काढलं नाही. चालू ठेव असंही म्हणाले नाहीत.

१५ एप्रिल, बुधवार
तिसरं इंजेक्शन. आधी चौकटींचा कागद. मधल्या चौकटी सरळ झाल्यात, पण खालच्या कोपऱ्यात एक ओळ वाकली. मागच्या वेळी ती सरळ होती. मी सांगायच्या आधी जरा थांबले. मग सांगितलं.
डॉक्टरीणबाईंनी मशिनवर बरंच बघितलं. जुनी सूज उतरली आहे म्हणाल्या. शेजारी काहीतरी दिसतंय, थोडं. सहा आठवड्यांनी परत बघू.
हे म्हणाले, "म्हणजे काय, मॅडम?"
"म्हणजे बघू," त्या म्हणाल्या. चिडून नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार
दुपारी चितळीकडचे एक गृहस्थ. थोरल्या मुलीची पत्रिका मी केलेली. धाकटीची सुपारी फुटली. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, तारीख ठरायची आहे.
"आत्ताच सांगून ठेवतो. पत्रिका तुमीच करायची."
म्हटलं, खूप लांब आहे अजून. तेव्हा या.
"न्हाई न्हाई, नावं लिहून आनल्यात. ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ."
वहीतला फाडलेला कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला. आजोबा, काका, मामा, आत्या, सगळे. मी हो म्हटलं नाही. कागद परतही केला नाही. ते चहा पिऊन गेले.
कागद टेबलावर ठेवून बराच वेळ बसले. मग फाइल उघडली. मुलीचं नाव, मुलाचं नाव, दोन्हीकडची सगळी माणसं टाइप करून घेतली, एकेक अनुस्वार बघून. तारखेची जागा मोकळी सोडली.